गिटारचा ब्रिज उचललाय? फटीत गोंद सोडायच्या आधी हे वाचा

वाचकांचे प्रश्न : वाद्यं आणि त्यांची निगा

यंदा पावसाळा सुरू झाल्यापासून गिटारचेच प्रश्न जास्त आलेत आणि त्यातले निम्मेअधिक ब्रिजचे आहेत, म्हणून हा अंक सगळा त्यालाच देतोय. हार्मोनियमच्या भात्याबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांची उत्तरं पुढच्या वेळी, राग मानू नका.

प्रश्न : नमस्कार दादा. मी खानापूर तालुक्यातला. मुलगा बेळगावात कॉलेजला आहे, तिथं त्यानं सेकंडहँड अकूस्टिक गिटार घेतली होती. उन्हाळ्यात घरी आणली आणि माळ्यावर ठेवून गेला, वर पत्रा आहे. आता बघतोय तर तारा जिथं अडकवलेल्या असतात तो लाकडी ब्रिज मागच्या बाजूनं उचलायला लागलाय, पोस्टकार्ड आत जातंय की ओ. आमच्या गल्लीतला सुतार म्हणतोय फटीत फेविकॉल सोडतो, वर वीट ठेवतो, सकाळपर्यंत घट्ट. तारा अजून तशाच ताणलेल्या आहेत. करू काय?

उत्तर : दादा, हे वाचायचं थांबवा आणि आधी तारा सैल करून या. सहाच्या सहा. एकदम एकच तार पूर्ण सोडू नका, प्रत्येक खुंटी थोडी थोडी फिरवत सगळ्या तारा लोंबेपर्यंत ढिल्या करा, मग पुढचं बोलू.

एवढी घाई का ते सांगतो. 12 नंबरचा (म्हणजे सगळ्यात बारीक तार 0.012 इंचाची) स्टील तारांचा सेट सुरात लावला की सहा तारा मिळून साधारण 70 ते 75 किलोचा ताण पडतो, गिटार वाजत असो नाहीतर माळ्यावर पडलेली असो, रात्रंदिवस. आता आपल्या भागात लोकांना सतार-तंबोरा माहितीये, तिथं तार घोडीवरून जाऊन खाली लंगोटाला बांधलेली असते, म्हणजे तारेचा दाब घोडीला तबलीवर खाली दाबतो. गिटारमध्ये उलटं आहे, तार ब्रिजमध्येच संपते, त्यामुळं सगळा ओढा ब्रिजला पुढं, मानेकडं खेचतो आणि त्याची मागची कड वर उचलतो, आणि त्याला धरून ठेवायला काय आहे तर फक्त खालचा गोंद. म्हणून फट कायम मागच्या बाजूनंच पडते. एकदा पडली की धरायची जागा कमी होत जाते, ताण मात्र तेवढाच राहतो, मग ती फट पहिल्यापेक्षा जास्त वेगानं पुढं सरकते आणि एक दिवस ब्रिज फाटकन सुटतो. सुटताना एकटा सुटत नाही, खालच्या टॉपच्या, म्हणजे गिटारच्या पुढच्या पातळ फळीच्या, लाकडाचे धागे उपटून घेऊन जातो. नुसता ब्रिज परत चिकटवणं आणि फाटलेला टॉप दुरुस्त करणं, यात खर्चाचा आणि कामाचा फार मोठा फरक आहे. तुमचं अजून पहिल्या पायरीवर आहे, तिथंच थांबवा.

आता खरंच किती उचललाय ते बघा. पोस्टकार्ड जाड असतं, साधा वहीचा कागद घ्या आणि ब्रिजच्या चारी बाजूंनी अलगद सरकवा. सगळीकडून सारखा मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत जाऊन अडकत असेल तर घाबरायचं कारण नाही, बऱ्याच कारखान्यांत ब्रिजच्या कडेखाली पॉलिशची बारीक पट्टी ठेवतात, त्यामुळं तेवढी जागा मुळातच रिकामी असते. पण पुढून कागद जात नाही आणि मागून पार तारा अडकवायच्या पिनांच्या ओळीपर्यंत जातोय, तर ब्रिज उचललाय यात शंका नाही. तुमचं पोस्टकार्ड आत जातंय म्हणजे हेच आहे.

कारण तुमच्याच पत्रात आहे, पत्र्याखालचा माळा. गिटारला लावायचे लाकडाचे गोंद साधारण 60-65 अंशाच्या पुढं मऊ पडायला लागतात आणि एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या पत्र्याच्या लगतची हवा, किंवा उन्हात बंद उभी केलेली गाडी, तिथं सहज जाते. गोंद मऊ, वरून 70 किलोचा ताण, मग दुसरं काय होणार. त्यावर आपल्या खानापूरचा पाऊस, टॉप दमट होऊन फुगतो, ब्रिजचं कडक लाकूड तेवढं फुगत नाही, दोघांची ओढाताण त्या गोंदाच्या थरातच होते.

आता सुतारदादांच्या फेविकॉलबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे आणि फर्निचरला तो गोंद उत्तमच आहे, पण इथं तीन अडचणी आहेत. एक तर फटीत जुना गोंद वाळून बसलाय, त्यावर नवा गोंद धरत नाही, गोंदाला उघडं लाकूड लागतं, दोन्ही बाजूंनी. दुसरं, पांढरा गोंद वाळला तरी किंचित लवचिक राहतो, कायमच्या ताणाखाली आणि उष्णतेत तो हळूहळू सरकतो, टेबलाला तसा ताणच नसतो म्हणून तिथं कळत नाही. आणि वीट! टॉप जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो, विटेच्या वजनानं तो खाली दबतो, ब्रिजच्या कडा मात्र नीट बसतच नाहीत. सकाळी घट्ट वाटेल, पंधरा दिवसांत परत फट, आणि मग जो कोणी खरं काम करेल त्याला तुमचा तो नवा गोंदही खरवडावा लागेल. फेविक्विकसारखे गोंदही नकोत, ते फटीतून पळत जाऊन पॉलिशवर डाग पाडतात आणि वाळले की ठिसूळ होतात. दोन नळ्यांचा इपॉक्सी तर अजिबात नको, पुढं कधी ब्रिज काढायचा म्हटला तर फार अवघड जातं.

माझं स्पष्ट मत आहे, ब्रिज उचलला की तो पूर्ण काढायचा, साफ करायचा आणि परत बसवायचा. अर्ध्यावर डागडुजी नाही. गिटार साधी असेल आणि तुमच्या सुताराचा हात सावकाश चालणारा असेल तर तोसुद्धा करू शकेल, शिसव आणि गोंद त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतात, फक्त त्याला खालचं वाचून दाखवा.

तारा, पिना आणि वरची पांढरी सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) काढून ठेवायची. सॅडलखाली पिकअपची (आवाज स्पीकरकडं नेणारी) पट्टी असेल तर तीही काढायची, नाहीतर उष्णतेनं गेलीच म्हणून समजा. ब्रिजवर शिंपल्यासारखे पांढरे ठिपके असतील तर त्याखाली कधी कधी बोल्ट लपवलेले असतात, आत आरसा किंवा मोबाईलचा कॅमेरा घालून नट दिसतोय का बघायचं, नाहीतर तासभर ओढत बसाल आणि ब्रिज हलणार नाही. मग ब्रिजच्या मापाचं भोक पाडलेला जाड पुठ्ठा त्याला जेवणाच्या डब्याची ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून गिटारवर ठेवायचा, म्हणजे आजूबाजूचं पॉलिश भाजत नाही, आणि घरातली इस्त्री मध्यम गरम करून ब्रिजवर टेकवायची. पाच-दहा मिनिटं, मधे मधे उचलून बघत. ब्रिज पूर्ण तापला की पातळ, बोथट कडेची पाती, रंग खरवडायची असते तशी पण पातळ, तीही जरा गरम करून मागच्या कोपऱ्यातून सरकवायची.

इथं खरी कसोटी आहे. पाती सहज सरकतेय तोवर ठीक. पण कुठं अडली, किंवा खाली टॉपच्या लाकडात शिरतेय असं वाटलं, बारीक करकर ऐकू आली, की लगेच थांबायचं आणि समोरच्या बाजूनं यायचं, कारण टॉपच्या स्प्रूस लाकडाचे धागे सरळ आडवे नसतात, एका बाजूनं पाती त्यांच्यावरून जाते आणि दुसऱ्या बाजूनं त्यांच्यात घुसते. जोर लावून ओढायचं नाही. परत इस्त्री, परत पाती. या कामाला संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या.

ब्रिज हातात आला की दोन्हीकडचा जुना गोंद काढायचा, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं मऊ करून, पाणी ओतून नव्हे. पटाशी उभी धरून हलकं खरवडलं की टॉपवर पिवळसर स्वच्छ लाकूड दिसतं. स्वस्त गिटारींमध्ये इथंच चोरी सापडते, ब्रिजखाली पॉलिश काढलेलंच नसतं किंवा मधेच थोडंसं काढलेलं असतं, म्हणजे ब्रिज लाकडाला नाही तर चकचकीत पॉलिशला चिकटवलेला. तसं असेल तर ब्रिजच्या कडेपासून मिलिमीटरभर आत राहून ते पॉलिश खरवडायचं. त्या पॉलिशची कड सुरीनं कापताना खोल कापू नका, टॉपचे धागे तुटले तर नेमकं तिथून तो पुढं चिरतो. ब्रिजची खालची बाजू टॉपच्या हलक्या फुगवट्याला जुळली पाहिजे, त्यासाठी टॉपवर पॉलिश पेपर खरबरीत बाजू वर करून ठेवून त्यावर ब्रिज मागं-पुढं घासायचा. शिसवीत तेलकटपणा असतो, म्हणून हे घासणं गोंद लावायच्या त्याच दिवशी करा, आदल्या आठवड्यात नको.

गोंद लाकडाचा पिवळा, टाइटबाँडचा लाल लेबलवाला ओरिजिनल चालतो, ऑनलाइन मिळतो. निळ्या आणि हिरव्या लेबलचे पाण्याला टिकणारे असतात, पण इथं त्यांची गरज नाही. जुन्या सुतारांचा सरससुद्धा झकास, किंबहुना चांगल्या जुन्या गिटारींना तोच असतो, पण तो साधारण 60 अंशावर गरम ठेवावा लागतो आणि लावल्यावर मिनिटाभरात सगळं बसवावं लागतं, सवय नसेल तर नको. आधी गोंद न लावता एकदा सगळी मांडणी कोरडी करून बघा. साउंडहोलमधून (टॉपच्या मधल्या गोल भोकातून) जाणारे लांब गळ्याचे क्लॅम्प लागतात, एक मधे आणि दोन ब्रिजच्या दोन्ही टोकांच्या पंखांवर, आतल्या बाजूनं ब्रिज प्लेटखाली (ब्रिजच्या बरोबर खाली आतून चिकटवलेली पातळ फळी) सपाट लाकडी ठोकळा, टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांवर तो चढत नाही ना हे हात घालून तपासायचं. दोन टोकांच्या पिनांच्या भोकांत घट्ट बसणाऱ्या काड्या घातल्या की ब्रिज गोंदावरून घसरत नाही. दोन-तीन मिलिमीटर जरी सरकला तरी उघडी (न दाबलेली) तार सुरात आणि बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या बाराव्या पट्टीवर) बेसूर, आणि मग कितीही ट्यून करा, जमत नाही. गोंद पातळ आणि सगळीकडे सारखा, क्लॅम्प आवळल्यावर कडेनं बारीक मणी बाहेर आले की समजायचं पुरेसा आहे, ते लगेच ओल्या फडक्यानं पुसा.

चोवीस तास क्लॅम्प काढू नका. पावसाळ्यात करत असाल तर दोन दिवस थांबा, हवा दमट असली की गोंदातलं पाणी जायला वेळ लागतो. घाई नसेल तर दिवाळीनंतर करा, आपल्याकडं तेव्हाची हवा या कामाला सगळ्यात चांगली, तोवर तारा सैल ठेवून गिटार आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा, माळ्यावर नाही.

प्रश्न : संकेश्वरहून लिहितेय. माझ्या गिटारचा ब्रिज काल रात्री मोठा आवाज होऊन पूर्णच निघाला, झोपेतून दचकून उठलो आम्ही सगळे. ब्रिजच्या खाली टॉपचं लाकूड चिकटून आलंय आणि गिटारवर खड्डा पडलाय. भावानं ब्रिज पॉलिश पेपरनं घासून साफ करायला घेतलाय. गिटार गेली का माझी?

उत्तर : ताई, नाही गेली, पण भावाच्या हातातून तो पॉलिश पेपर आधी काढून घ्या. ब्रिजला चिकटून आलेलं ते लाकूड म्हणजे तुमच्या टॉपचाच तुकडा आहे, तो त्या खड्ड्यात जिथून निघाला तिथं बरोबर बसतो, दुसरं कुठलंच लाकूड इतकं बरोबर बसणार नाही. चादरीवर, गिटारच्या पोटात बारीक ढलप्या पडल्या असतील तर त्याही गोळा करून पाकिटात ठेवा. पोटातल्या काढायला गिटार उलटी करून हलकी हलवा.

हे काम मात्र घरी करू नका. कारागीर आधी त्या ढलप्या जागच्या जागी चिकटवतो, कमी पडलं तिथं त्याच जातीच्या लाकडाचा पातळ तुकडा धाग्यांची दिशा जुळवून बसवतो, मग सपाट करून वर ब्रिज. तुम्हाला कोल्हापूर जवळ आहे, नाहीतर बेळगावातून चोर्ला घाटानं गोवा, तिथं गिटारचं काम करणारे मिळतात. कारागिराला एकच विचारा, साउंडहोलमधून जाणारे क्लॅम्प आहेत का. नसतील तर गिटार देऊ नका. आणि नेताना उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका.

प्रश्न : बेळगाव कॅम्पातून. आमच्या चर्चमधल्या गिटारला दुकानदारानं ब्रिजवर दोन स्क्रू मारून दिलेत. ते बरोबर आहे का?

उत्तर : लाकडाचे टोकदार स्क्रू असतील तर नाही. तीन मिलिमीटरच्या टॉपमध्ये आणि आतल्या पातळ प्लेटमध्ये त्यांना पकडच मिळत नाही, थोड्या दिवसांत भोक सैल होतं आणि ताणानं तिथून चीर जाते. आरपार जाणारा बारीक बोल्ट, आतून वॉशर आणि नट, हे वेगळं, कारखान्यातूनही काही गिटारी तशा येतात, आणि प्लायवुडच्या टॉपची रोज वापरायची गिटार असेल तर माझी त्याला हरकत नाही. पण बोल्ट गोंदाच्या जोडीला असावा, गोंदाच्या ऐवजी नाही. आधी ब्रिज नीट चिकटवून घ्या.

प्रश्न : निपाणी. ब्रिजला फट नाही, कागद जात नाही, पण ब्रिजच्या मागं टॉप फुगलाय आणि जुलैपासून तारा लई वर गेल्यात, बोटं दुखतात. सॅडल घासून खाली घेऊ का?

उत्तर : आत्ता घासू नका. स्टील तारांच्या गिटारला ब्रिजमागं थोडा फुगवटा असतोच, तो ताण सोसतेय याचीच खूण आहे, आणि पावसाळ्यात टॉप ओलावा पिऊन आणखी वर येतो. आत्ता सॅडल घासली की फेब्रुवारी-मार्चमध्ये टॉप खाली बसेल आणि तारा फ्रेटवर झणझणतील, मग नवी सॅडल घ्यावी लागेल. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असेल तर ठीक, चारच्या वर असेल तर काहीतरी बिघडलंय. हात आत घालून ब्रिजखालच्या पट्ट्या चाचपा, टॉपवर बोटानं टकटक करा, एखाद्या जागी खरखर आवाज आला तर आतली पट्टी सुटलीये आणि ती चिकटवायला हवी, त्यानं फुगवटा बराचसा उतरतो. तसं नसेल तर गिटार केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलची पाकिटं टाका, आठवड्याला बदला. गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडं पावसात ती फार वर जाते, त्यामुळं बंद केस हाच उपाय. तोवर सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावून वाजवा, ताण साधारण 11 टक्क्यांनी कमी होतो, टॉपलाही बरं आणि बोटांनाही.

प्रश्न : अथणीचा आहे मी. क्लासिकल गिटार घेतली, नायलॉनच्या तारांचा आवाज बारीक वाटला म्हणून स्टीलच्या चढवल्या. दोन महिन्यांत ब्रिज मागनं उचलला. मिरज जवळ आहे, तिथं सतारीवाल्यांकडं नेऊ का?

उत्तर : ब्रिज चिकटवून भागणार नाही, आधी त्या स्टीलच्या तारा काढा. नायलॉनच्या सहा तारांचा ताण सगळा मिळून 35-40 किलोच्या आसपास असतो आणि तुमच्या गिटारचा टॉप, आतल्या पट्ट्या सगळं तेवढ्याच हिशेबानं पातळ केलेलं आहे. तुम्ही त्यावर जवळजवळ दुप्पट ओझं घातलंत. ब्रिज उचलला हे एका अर्थी बरं झालं, नाहीतर मान वाकली असती, आणि ते दुरुस्त होणं अवघड.

मिरजेच्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर आहे, सतार-तंबोऱ्यासाठी मिरजेला 2024 साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं ते उगाच नाही. लाकूड, गोंद, जवारी (घोडीवरून तारेचा सूर घुमवण्याची कला) यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पण वर म्हटलं तसं घोडीवर दाब असतो आणि ब्रिजवर ओढ, काम वेगळं पडतं, म्हणून तिथं जाताना गिटारचं काम करणारा कोण आहे हे आधी विचारून मगच न्या, काही जण करतातही. ब्रिज काढून, साफ करून बसवायची पद्धत वरच्यासारखीच, फक्त तुमच्या ब्रिजला पिना नाहीत, तारा गाठ मारून बांधायच्या असतात, म्हणून बसवताना जागा धरायला भोकं नसतात, मोजून आणि खूण करून बसवावा लागेल हे कारागिराला आधीच सांगा.

नंतर नायलॉनच्याच तारा, हाय टेन्शन असं लिहिलेला सेट घ्या, आवाज थोडा भरीव येतो आणि गिटार तो सोसते. स्टीलचा खणखणीत आवाजच हवा असेल तर त्या गिटारला त्रास न देता स्टील तारांसाठी बनवलेली वेगळी गिटार बघा आणि तिला सुरुवातीला 10 नंबरचा सेट लावा, त्याचा ताण 60 किलोच्या आसपास असतो, नव्या बोटांनाही तोच सोपा.